सुळ्यांच्या मुळांवर खालची कवळी: अटॅचमेंट कशी बसवायची

खालची पूर्ण कवळी अवघड का, हे पहिल्या दोन-चार पेशंटमध्येच कळते. वर टाळूचा रुंद आधार असतो, ओढ धरते. खाली अरुंद पट्टी, आत सतत हलणारी जीभ आणि बाहेरून गाल. पेशंट जांभई देतो आणि कवळी उचलली जाते. अशा पेशंटच्या तोंडात खालचे दोन सुळे अजून उभे असतील तर ते काढायची घाई करू नये. दाताचा वरचा भाग कापून मुळे ठेवावीत, त्यांवर अटॅचमेंट (कवळीला टिचबटणासारखे धरणारा छोटा जोड) बसवावी आणि कवळीला तिथे पकड द्यावी.

हे लिहितोय ते नुकतेच बीडीएस होऊन स्वतःचे क्लिनिक टाकलेल्यांसाठी किंवा सिनियरच्या हाताखाली काम सुरू केलेल्यांसाठी. उदाहरण एकच धरून चालतो: वर पूर्ण कवळी, खाली दोन सुळ्यांची मुळे आणि त्यांवर पोस्टसकट (पोस्ट म्हणजे मुळाच्या पोकळीत उतरणारी खुंटी) तयार मिळणारी बॉल (गोल माथ्याची) किंवा लोकेटर (बुटक्या माथ्याची) पद्धतीची अटॅचमेंट. बारचे काम, म्हणजे दोन मुळांना जोडणारी धातूची पट्टी, पहिल्याच केसला घेऊ नका.

पुढचे सगळे ज्यावर उभे आहे ते आधीच सांगून टाकतो. अटॅचमेंट हा ढिल्या कवळीवरचा इलाज नाही. कवळी आधी अटॅचमेंटशिवाय नीट बसली पाहिजे, डुलता कामा नये, चावताना दोन्ही बाजूंना सारखी टेकली पाहिजे. मग पकड द्यायची. वाईट कवळीला चांगली अटॅचमेंट लावली की कवळीचा सगळा दोष मुळावर येतो. नायलॉन (कवळीच्या बाजूने अटॅचमेंटला पकडणारी छोटी वाटी) महिन्या-दोन महिन्यांत झिजते, पोस्ट सैल होते, शेवटी मूळच उभे चिरते.

मुळे ठेवून काय मिळते

पहिला फायदा हाडाचा. १९७८ साली क्रम आणि रूनी या संशोधकांनी पाच वर्षांची पाहणी छापली. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, मुळे ठेवून कवळी दिलेल्यांचे हाड सरासरी ०.६ मिमी झिजले. सगळे दात काढून साधी कवळी दिलेल्यांचे ५.२ मिमी. पेशंट लहान गटातले होते, पण दिशा इतकी स्पष्ट आहे की हे दोन आकडे पेशंटच्या मुलाला सांगितले तरी त्याला पटतात. दुसरा फायदा जाणिवेचा. मुळाभोवतीचा तंतूंचा थर शाबूत राहतो, म्हणून किती जोर लावतोय हे पेशंटला समजते. भाकरी आणि सुपारी यांतला फरक त्याच्या जबड्याला कळतो.

आणखी एक गट लक्षात ठेवा. बिसफॉस्फोनेटची औषधे घेणारे किंवा जबड्याला रेडिएशन झालेले पेशंट. यांचा दात काढला की जखम न भरता हाड सडण्याचा धोका असतो, त्यामुळे मूळ जागच्या जागी ठेवणे हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग. मात्र रेडिएशननंतर लाळ आटते आणि मुळे भराभर किडतात. तिथे अटॅचमेंटचा मोह टाळून मूळ गुळगुळीत घुमटाकार करून झाकणे बरे, आणि निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलूनच.

इम्प्लांटचा विषय पेशंट काढतीलच. २००२ च्या मॅकगिल परिषदेत खालच्या दात नसलेल्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा असे ठरले. ते दात *नसलेल्या* जबड्याबद्दल आहे. चांगली मुळे काढून त्या जागी इम्प्लांट रोवायचे, असा त्याचा अर्थ कुणी लावत असेल तर तो त्याच्या सोयीचा अर्थ आहे.

पेशंट निवडताना

आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढा. मुळाभोवती निदान ५-६ मिमी निरोगी हाड हवे. दात थोडा हलत असेल तर घाबरू नका. वरचा भाग कापल्यावर तरफ कमी होते आणि हलका हलणारा सुळाही स्थिर होतो. उभ्या दिशेने, वर-खाली हलणारा दात मात्र नको. मुळाभोवती घट्ट, गुलाबी, चिकटलेली हिरडी २-३ मिमी तरी असावी. नुसती सैल त्वचा असेल तर कवळीच्या कडेने ती सतत सोलवटते.

सुळे दोन्ही बाजूंना असले तर उत्तम. सुळा नसेल तर पहिली उपदाढ चालते. एकाला एक लागून असलेली दोन मुळे ठेवू नका, मधली हिरडी साफ होत नाही. खालचे पुढचे बारीक दात अटॅचमेंटच्या कामाचे नाहीत. त्यांच्या मुळात पोस्ट घातली की बाजूला डेंटिन (मुळाची कठीण भिंत) उरतच नाही.

आता खरी चाळणी: हा माणूस मुळे घासेल का? मिश्री लावणाऱ्या बायकांच्या दातांच्या माना घासून खाच पडलेली आपण रोज बघतो. तीच मिश्री उघड्या मुळावर रोज घासली जाणार असेल तर वर्षभरात अटॅचमेंटच्या कडेला पोकळी होते. म्हणून आधीच बोलून घ्यावे.

"आजी, दात वरून दिसणार नाही, पण मूळ आत राहील. कवळी त्याच्यावर टिचबटणासारखी टक् करून लागेल."

"मग त्याला पण घासायचं व्हय?"

"घासायचंच. रोज दोनदा, मऊ ब्रशने. आणि मिश्री बंद."

आजी "बघते" म्हणाल्या तर काम थांबवा, सहा आठवड्यांनी परत बोलवा. तोवर मुळे स्वच्छ ठेवून दाखवली तर पुढे जा. साफसफाई जमत नाही असे दिसले तर अटॅचमेंट न लावता मुळे घुमटाकार करून त्यांवर साधी कवळी द्या. हाड वाचवण्याचा फायदा तेवढ्यानेही मिळतो.

जागा मोजा, मग अटॅचमेंट मागवा

या कामातल्या निम्म्या अडचणी जागा न मोजल्यामुळे येतात. मुळाच्या वर अटॅचमेंट, तिच्यावर हाऊसिंग (कवळीत बसणारी धातूची टोपी, नायलॉन हिच्यात असते), त्यावर अॅक्रिलिक आणि मग कवळीचा दात. एवढे सगळे बसायला उंची लागते. ढोबळ हिशेब असा: हिरडीपासून कवळीच्या दाताच्या टोकापर्यंत लोकेटरसारख्या बुटक्या अटॅचमेंटला ८.५ ते ९ मिमी, बॉलला १० ते १२ मिमी, बारला त्याहून जास्त. हाऊसिंगवर अॅक्रिलिक २ मिमीपेक्षा पातळ राहिले तर कवळी बरोबर त्याच जागी तडकते.

मोजायचे कसे? बाइट घेऊन दात मेणावर लावा, ट्रायल करा, पेशंटला चेहरा आणि उंची पटू द्या. मग मॉडेलवर लावलेल्या दातांच्या बाहेरून पुट्टीचा साचा काढा. मेणातले दात बाजूला करून साचा पुन्हा मॉडेलवर ठेवा. मुळाचा माथा आणि साच्यातली दाताची जागा यांच्यामध्ये किती अंतर आहे, ते पट्टी लावून सरळ दिसते. फक्त वर-खाली पाहू नका, पुढे-मागेही पाहा. खालच्या सुळ्याचे मूळ बरेचदा ओठाकडे झुकलेले असते आणि हाऊसिंग नेमके दाताच्या मानेतून बाहेर डोकावते. जागा कमी पडली तर मूळ आणखी खाली कापा किंवा बुटकी अटॅचमेंट घ्या. पेशंटच्या बाइटची उंची वाढवून जागा काढू नका. कवळी बोलताना खडखडते आणि जबडे दुखतात.

मुळाची तयारी

रूट कॅनाल दात उभा असतानाच करा. रबर डॅम नीट लागतो, लांबी मोजायला टोक मिळते. सीलर (कॅनाल बंद करायचे मटेरियल) युजेनॉलचा असेल आणि पोस्ट रेझिन सिमेंटने बसवणार असाल तर कॅनाल अल्कोहोलने नीट पुसावा लागेल. युजेनॉलचा अंश राहिला की रेझिन नीट कडक होत नाही. झंझट नको असेल तर सीलरच रेझिनचा वापरा.

वरचा भाग कापताना हिरडीच्या वर साधारण १ मिमी ठेवा, कडा गोल करा. हिरडीच्या आत कापू नका, नाहीतर हिरडी मुळावर चढून बसते आणि सिमेंट लावायच्या दिवशी रक्त थांबत नाही. लोकेटरच्या किटमध्ये माथा सपाट करण्याचा आणि खाच पाडण्याचा बूर वेगळा येतो. तो कापताना हँडपीस डुलू देऊ नका; खाच लंबगोल झाली की पोस्टचा खांदा टेकत नाही आणि फटीत किडीला घर मिळते.

पोस्टची जागा पीझो रीमरने, लहान नंबरापासून चढत. टोकाला गटापर्चा (कॅनालमधले रबरासारखे भरण) ४ ते ५ मिमी ठेवावाच. पोस्टची जाडी मुळाच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको आणि चारी बाजूंना डेंटिन १ मिमी तरी उरायला हवे. खालच्या सुळ्याचे मूळ बाजूने रुंद वाटते, पण आडव्या छेदात ते चपटे असते. रीमर थोडा तिरपा गेला की बाजूची भिंत फुटते. दर नंबराला थांबून आरव्हीजी घेतलेली बरी.

दोन पोस्टची दिशा

दोन्ही मुळांतून किटमधल्या दिशादर्शक पिना उभ्या करून समोरून आणि बाजूने बघा. पूर्ण समांतर कधीच नसतात, आणि थोडा फरक चालतो. लोकेटरची साधी नायलॉन दोन मुळांमधला २० अंशांपर्यंतचा फरक सहन करते, जास्त झुकलेल्यांसाठी वेगळ्या नायलॉनचा संच येतो, त्याने ४० अंशांपर्यंत भागते. रूटसाठीच्या पोस्टही सरळ, १० अंश आणि २० अंश अशा मिळतात. बॉल आणि ओ-रिंगला (बॉलला धरणारी रबरी कडी) फरक सोसवतो, पण रबर एका बाजूने कुरतडले जाते. पिना फारच फाकल्या असतील तर कास्ट कोपिंगवर (मुळावर बसणारी ओतीव टोपी) लॅबकडून सर्व्हेयरवर, म्हणजे दिशा जुळवायच्या यंत्रावर, समांतर बॉल करून घ्या. वेळ आणि एक माप जास्त लागते, बाकी फार काही बिघडत नाही.

सिमेंट लावण्यापूर्वी पोस्ट कोरडी बसवून बघा. खांदा चहूकडून टेकतोय का, एक्स्प्लोरर फिरवून पाहा. ग्लास आयोनोमर किंवा सेल्फ-अॅडहेसिव्ह रेझिन, दोन्ही चालतात. जादा सिमेंट हिरडीखालून काढल्याशिवाय पेशंटला सोडू नका. ते राहिले तर महिन्याने सुजलेली हिरडी घेऊन तो परत येतो आणि दोष अटॅचमेंटला देतो. पोस्टभोवती उघडे राहिलेले डेंटिन पॉलिश करून त्यावर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश लावा.

कवळी

माप, बाइट, ट्रायल नेहमीसारखेच. वेगळे एवढेच: स्टडच्या (मुळावर उभ्या राहिलेल्या अटॅचमेंटच्या माथ्याच्या) आजूबाजूला झिंक ऑक्साइड पेस्टने माप घेऊ नका, खाचेत अडकते आणि तुटते. कस्टम ट्रेमध्ये लाइट बॉडी सिलिकॉन घ्या. लॅबला सांगा की स्टडच्या जागी मोकळी खोबण ठेवायची, आणि अॅक्रिलिक पातळ राहणार असेल तर आतून धातूची जाळी घालायची. सुळ्याच्या बाहेरच्या फुगवट्याखाली खाच असेल तर तिथली कवळीची कड आखूड ठेवा. लांब ठेवली तर कवळी आत घेतानाच हिरडी सोलते.

कवळी द्या, पण पिक-अप, म्हणजे हाऊसिंग तोंडातच कवळीत चिकटवणे, त्या दिवशी करू नका. एक-दोन आठवडे तशीच वापरू द्या. टोचते ते कमी करा, चावण्याचा मेळ दोन-तीनदा तपासा. बेस स्टडला कुठेही लागत नाही हे प्रेशर इंडिकेटर पेस्टने पाहा: खोबणीत पातळ लेप द्यायचा, कवळी बसवायची, काढून बघायचे. लेप खरवडला गेला तिथे अॅक्रिलिक दिसते. तिथे बूर फिरवा आणि पुन्हा बघा. पेशंट "आता काय बी टोचत नाही" म्हणाला की पिक-अपची वेळ.

पिक-अप

इथे सावकाश. या पायरीवर कोल्ड क्युअर (आपोआप कडक होणारे) अॅक्रिलिक खाचेत उतरून कडक झाले तर कवळी तोंडातच अडकते आणि ती काढायला आतल्या बाजूने बूरने कापावी लागते. पेशंट खुर्चीत, अटेंडंट घाबरलेला आणि तुम्ही घामाघूम. टाळणे सोपे आहे.

आधी स्टडखालची मोकळी जागा बंद करा. लोकेटरबरोबर पांढरी गोल चकती येते, ती स्टडवर सरकवा. बॉल असेल तर रबर डॅमचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा, मध्ये पंचने भोक पाडा, बॉलवरून ओढून हिरडीवर पसरवा. आता हाऊसिंग स्टडवर टक् करून बसवा. लोकेटरच्या हाऊसिंगमध्ये काळी प्रोसेसिंगची नायलॉन ठेवा, पेशंटची कायमची नायलॉन नंतर येईल.

कवळी बसवून बघा. हाऊसिंग आणि कवळी यांची कुठेही गाठ पडता कामा नये. पडत असेल तर खोबण आणखी मोठी करा. जिभेच्या बाजूने खोबणीतून एक छिद्र आरपार पाडा; जादा अॅक्रिलिकला बाहेर पडायला वाट लागते, आणि आत काय चालले आहे हे तुम्हाला त्यातून दिसते. कवळीच्या बाहेरच्या पॉलिश भागाला आणि दातांना व्हॅसलिन लावून ठेवा.

पहिल्या केसला एकावेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचे हाऊसिंग काढून ठेवा. खोबण मोनोमरने ओली करा, कोल्ड क्युअर थोडे दाट होऊ द्या, हाऊसिंगच्या माथ्यावर आणि खोबणीत थोडेसेच ठेवा. खोबण भरून काढायची नाही. कमी पडले तर नंतर भर घालता येते, जास्त झाले की निस्तरत बसा. कवळी बसवा, वरच्या कवळीशी दात मिळवा आणि पेशंटला सांगा, "हलकेच मिटा, चावू नका." जोरात चावले तर हिरडी दबते, त्याच अवस्थेत अॅक्रिलिक कडक होते, आणि नंतर हिरडी फुगली की कवळी सतत मुळाला ओढत राहते. छिद्रातून बाहेर आलेला थेंब नखाने दाबून बघा. टणक झाला की अजून मिनिटभर थांबून कवळी काढा.

कवळीत हाऊसिंग आले असेल. भोवती फट दिसेल ती बाहेरच भरा, कडांचे जादा अॅक्रिलिक काढा, छिद्र बुजवा, चकती किंवा रबर स्टडवरून काढायला विसरू नका. मग दुसरी बाजू. दोन्ही झाल्यावर चावण्याचा मेळ पुन्हा तपासा. पिक-अपमध्ये कवळी केसभर वर राहण्याची शक्यता असते आणि ती नेमकी मागच्या दाढांवर कळते.

शेवटी किटमधल्या अवजाराने काळी नायलॉन काढून निळी बसवा. निळी सर्वांत हलकी, गुलाबी मध्यम, पारदर्शक सर्वांत कडक. पहिल्याच दिवशी कडक बसवू नका. सांधेदुखी असलेल्या माणसाला कवळी निघेना की तो ती रात्रीही काढत नाही. पकड वाढवायला पुढच्या भेटी आहेतच. अटॅचमेंट लागण्यासाठी चावून दाबायची सवय मात्र लागू देऊ नका. बोटांनी दोन्ही बाजूंना एकदम दाबून बसवायचे आणि दोन्ही बाजूंनी सरळ उचलायचे, हे आरशासमोर पेशंटच्या हातून दोनदा करून घ्या.

घरी काय करायचे

रात्री कवळी काढून पाण्यात. साबण आणि मऊ ब्रशने धुवायची, टूथपेस्टने घासायची नाही, उकळते पाणी नाही, ब्लीच नाही. हाऊसिंगचा धातू आणि नायलॉन दोन्ही खराब होतात. मुळे मऊ ब्रशने, स्टडच्या चहूबाजूंनी. ५,००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल मिळत असेल तर रोज एक ठिपका कवळीच्या मुळावरच्या खोबणीत लावून थोडा वेळ घालायला सांगा, नंतर थुंकायचे, गिळायचे नाही. कवळी कायम घालून ठेवली की मूळ आणि अॅक्रिलिक यांमध्ये ओलसर अंधारी जागा तयार होते, किडीला ती फार आवडते. हे काम फसते ते बहुतेक वेळा मुळाच्या किडीने आणि हिरडीच्या सुजेने.

पहिली तपासणी आठवड्यात, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी तीन गोष्टी: मुळाची कड एक्स्प्लोररने, हिरडीची खोली प्रोबने, कवळी मागे डुलते का बोटाने दाबून. डुलत असेल तर आधी रीलाइन (कवळीचा आतला भाग नव्याने भरून हिरडीला बसता करणे), मग नायलॉन. नायलॉन किंवा ओ-रिंग साधारण वर्षभरात बदलावी लागते. त्याचा खर्च आधीच सांगून ठेवा, नाहीतर पेशंटला वाटते कवळीच बिघडली.

आणि एखादे मूळ गेलेच, तर ते काढा, जखम भरू द्या, कवळीतली ती खोबण अॅक्रिलिकने भरून रीलाइन करा. एका मुळावर कवळी थोडी फिरते, पण चालते. तिथली नायलॉन हलकी ठेवा. दोन्ही गेली तरी पेशंटच्या हातात नीट बसणारी साधी कवळी उरते, अट एकच की सुरुवातीला तुम्ही ती अटॅचमेंटशिवाय नीट बसवली होती.